नोरीन पबमध्ये बसत नाही

नोरीन कॉन्सिडिनला खुर्चीला पाठ टेकून निवांत बसलेलं किलकोरन गावात फारसं कुणी पाहिलेलं नव्हतं. एकट्यादुकट्या म्हाताऱ्यांच्या घरी मदतीला जायचं हे तिचं काम. सकाळी जाऊन शेगडी पेटवायची, गोळ्या द्यायच्या, केरवारा करायचा, भाकरीसारखा जाड सोडाब्रेड कापून लोणी लावून ठेवायचा. म्हातारे म्हणत, "अगं बाई, घोटभर चहा तरी घे, बस." ती उभ्याउभ्याच चहा संपवी, कप विसळून पालथा घाली आणि पुढच्या घराच्या वाटेला लागे. तिचा नवरा फ्लॅन गायींच्या मागे असायचा, बोलायला कमी. पण तोही कधीकधी म्हणे, "तुझ्या पायाला भिंगरी कुणी बांधली कोण जाणे."

एका जागी मात्र तिचा पाय वळत नसे. गावात पब एकच, हेअर कुटुंबाचा, चर्चच्या समोर. गावात कुणी गेलं की चर्चच्या हॉलमध्ये सँडविचेस करायला नोरीन सगळ्यांच्या आधी हजर. पण अंत्यविधी उरकून मंडळी रस्ता ओलांडून हेअरांकडे निघाली की ती आपली टोपली उचलून घरी. का, ते गावाला ठाऊक होतं. म्हणून कुणी विचारत नसे.

तिचे वडील टायग मलोनी रस्त्याच्या कामावर होते. हसरा माणूस, गोड गळ्याचा. रविवारी प्रार्थना सुटली की बायकोला घरी सोडून ते लेकीला गाडीत घेत, पेपर आणायला म्हणून. गाडी हेअरांच्या भिंतीला लागे. थोड्या वेळाने खिडकीतून लाल लेमोनेडची बाटली आणि वेफर्सची पुडी आत येई. मग बराच वेळ काहीच येत नसे. थंडीत काचा आतून धूसर व्हायच्या आणि नोरीन त्यांवर बोटाने घरं काढत बसायची. घरं काढून कंटाळली की वडिलांना हाक मारायला आत जायची. मोठमोठ्या पँटींच्या जंगलातून वाट काढत ती पोचली की टायग तिला उचलून काउंटरवर उभी करीत आणि म्हणत, "ही बघा माझी चिमणी. गा गं राणी." ती गायची. माणसं टाळ्या वाजवायची आणि कुणीतरी म्हणायचं, "पोरीच्या गाण्यावर टायगला एक भरा."

तो ग्लास रिकामा व्हायला वेळ लागे. घरी ओव्हनमधलं मांस वाळून चामडं व्हायचं. आईचं तोंड त्याहून कोरडं.

नोरीनने एक गोष्ट कुणालाच सांगितली नव्हती, फ्लॅनलासुद्धा नाही. तिला ते आवडायचं. काउंटरवर उभं राहिलं की आपण बोलवायला आलोय हेच ती विसरायची. मोठी झाल्यावर तिने मनाशी हिशेब मांडला, आपण गात होतो म्हणून बाबा थांबत होते. तिने गाणं सोडलं. टायग थांबायचे ते थांबतच राहिले, पण ते तिने हिशेबात धरलं नाही. ती शाळा सोडून नुकती कामाला लागली होती तेव्हा ते इस्पितळात वारले, हळदीसारखे पिवळे होऊन. तेव्हापासून चर्चमध्ये सगळे गात असताना नोरीन नुसते ओठ हलवायची.

तिची मुलगी एथना दहा वर्षांची होती. फ्लॅनच्या आत्याच्या माळ्यावर एक जुनी कॉन्सर्टिना सापडली होती. दोन्ही हातांत धरायची, भात्यासारखी दाबायची, ओंजळीएवढी पेटी. एथनाच्या हाती ती पडली आणि पोरीला दुसरं काही सुचेनासं झालं. शाळेतल्या बाईंनी एके दिवशी नोरीनला थांबवून सांगितलं की माझ्याकडचं शिकवून संपलं, आता हिला पॅकी टाल्टीकडे पाठवा.

पॅकी म्हणजे किनाऱ्याच्या वाटेवरचा म्हातारा ब्रह्मचारी. त्याच्यासारखी कॉन्सर्टिना पंचक्रोशीत कुणी वाजवत नव्हतं आणि त्याच्यासारखा माणूसघाणाही कुणी नव्हता. मदतीला नोरीनला पाठवतो म्हणून दवाखान्याने दोनदा विचारलं होतं, त्याने दार उघडलं नव्हतं. नोरीनने त्याला रस्त्यातच गाठलं.

तो म्हणाला, "मी शिकवत बिकवत नाही. रविवारी चार वाजता हेअरांकडे वाजवतो. आली तर बसू दे शेजारी."

"घरी नाही का जमणार?"

"घरी कुणासाठी वाजवायचं?"

तो आठवडा नोरीनने तळमळून काढला. नाही म्हणायचं असं तीनतीनदा ठरवून ती स्वयंपाकघरात यायची आणि एथना कोपऱ्यात पेटी दाबत बसलेली दिसली की शब्द गिळायची. शेवटी फ्लॅन म्हणाला, "घेऊन जा तिला. मला दूध काढायचं असतं त्या वेळी, नाहीतर मीच नेली असती." त्याला ते सोपं होतं. त्याचा बाप घरी असायचा.

मग नोरीनने स्वतःच एक तोड काढली. एथनाला दारापर्यंत सोडायचं, आपण गाडीत बसायचं.

आणि ती बसली, म्हणजे बसली असं नाही म्हणता येणार. आधी गाडीच्या काचा पुसल्या, मग पायपुसणी झटकली, मग खाली उतरून गाडीभोवती फेऱ्या मारल्या. दार उघडलं की आतून एक उबदार भपकारा यायचा, शेगडीत जळणाऱ्या टर्फच्या ढेकळांच्या धुराचा आणि बिअरचा, आणि बरोबर सुरांचं एक शेपूट. बाहेर पडणाऱ्यांना आयतंच सापडलं. एक जण म्हणाला, "काळ फिरला बघा. आता पोर आत आणि आई गाडीत." दुसऱ्याने विचारलं, "नोरीन, तुला वेफर्स पाठवू का खिडकीतून?" त्याला बिचाऱ्याला काही माहीत नव्हतं, गावात नव्याने आलेल्या एका सुनेचा भाऊ होता तो. नोरीनने काच वर केली.

असे काही रविवार गेले. मग एका संध्याकाळी जोसी हेअर खांद्यावर फडकं टाकून बाहेर आली आणि तिने काचेवर टकटक केलं. पब आता जोसीच चालवायची. दोघी एका बाकावर शिकलेल्या.

नोरीनने विचारलं, "काय झालं तिला?"

"तिला काय होतंय? मजेत आहे. पण पंधराच्या खालचं मूल आईबापाशिवाय आत बसवलं तर माझा परवाना जातो, नोरीन. नवा पोलीस आलाय, रविवारी डोकावतो."

"पॅकी आहे की शेजारी."

"पॅकी तिचा बाप आहे का? एक तर तू आत ये, नाहीतर तिला घरी ने."

"जोसी, तुला माहितीये ना गं..."

"माहितीये." जोसीने फडकं या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं. "तुला गाडीत बघून मला बरं वाटतं असं वाटतं का तुला? लहानपणीही मी वरच्या खिडकीतून बघायची. आमची आई म्हणायची, त्या पोरीला घरात बोलव, आणि बाबा म्हणायचे, गिऱ्हाइकाच्या भानगडीत पडायचं नाही. चल, ठरव काय ते. आत गर्दी आहे."

नोरीन उतरली. दारात पाय टाकताना तिला वाटलं होतं की काउंटर छातीला लागेल. तो कमरेला लागला. खोली केवढीशी होती. शेगडीजवळ पॅकी, एक फिडलवाला, एक बासरीवाली आणि त्यांच्यामध्ये एथना, पाय जमिनीला न टेकणारे. तिने मान वर करून आईकडे पाहिलंही नाही. पॅकीच्या बोटांवर तिची नजर खिळली होती.

जोसीने चहा आणून दिला. नोरीनने तो दाराजवळ, कोट न काढता, उभ्यानेच प्यायला. पुढच्या रविवारीही तेच. लोकांनी तिचं नाव 'हवालदारीण' ठेवलं. ती कुणाच्या हातात कितवा ग्लास आहे ते पाहत राही आणि आपण ते पाहतोय याचा तिला स्वतःलाच वैताग येई. पॅकीचे दोन व्हायचे, संथ. फिडलवाल्याचे जास्त. एथनाच्या समोर लाल लेमोनेड. ते दिसलं की नोरीन दर वेळी नजर दाराकडे वळवायची.

हिवाळ्यात एका रविवारी मॅच बघून परतणारी परगावची मंडळी आत शिरली. एथना तेव्हा एकटीच वाजवत होती, पॅकीने पहिल्यांदाच तिला एक चाल पूर्ण दिली होती. वाजवून झालं तशा जोरात टाळ्या पडल्या. त्यांच्यातला एक जाडजूड माणूस खूश होऊन जोसीला म्हणाला, "या पोरीच्या वाजवण्यावर म्हाताऱ्याला एक भरा." आणि काळ्या बिअरचा तो ग्लास पॅकीपुढे आला.

नोरीनने दार सोडलं. खोली ओलांडून तिने तो ग्लास उचलला आणि काउंटरवर असा आदळला की अर्धा सांडला.

"माझ्या मुलीच्या वाजवण्यावर कुणी प्यायचं नाही," ती म्हणाली. आवाज फार मोठा नव्हता. तरी नंतर खोलीत फक्त टीव्हीवरचा समालोचक बोलत राहिला. जाडजूड माणूस गोरामोरा झाला, "बाई, मी चांगल्या मनानं..." म्हणत राहिला. एथनाचे कान लाल झाले होते.

पॅकीने कॉन्सर्टिना मांडीवर मिटली. तो सहसा कुणाच्या डोळ्यांत पाहत नसे. तेव्हा पाहिलं.

"पोरी," तो म्हणाला, "ती इथं नसती तरी मी प्यायलो असतो. दोनच, पण प्यायलो असतो. तिच्यासाठी नाही आणि तिच्यामुळेही नाही." मग पेटीचा पट्टा नीट करत खाली बघून म्हणाला, "टायगसुद्धा. तू गायलीस म्हणून नाही थांबला तो. तू नसायचीस त्या दिवशीही दिवे घालवेपर्यंत इथंच असायचा. मी शेजारी असायचो, मला ठाऊक आहे."

नोरीनने एथनाचा कोट घेतला, तिच्या अंगात घातला, हात धरला आणि बाहेर पडली. घरी जायचं सोडून ती किनाऱ्याच्या रस्त्याने गाडी पळवत राहिली. उजेड जात होता. एथना मागे बसून रडत होती, मग रडायची थांबली.

"आई, कोण टायग?"

"तुझे आजोबा."

"ते प्यायचे?"

"हो."

"मग मला का ओढून आणलंस? मी तर वाजवत होते."

नोरीनने गाडी वळवली.

त्यानंतर महिनाभर ती रविवारी पबच्या बाजूला फिरकली नाही. एथना घरी वाजवायची, पण चाल अर्ध्यावर सोडून द्यायची. पेटी सुरात होती, पोर सुरात नव्हती. नोरीन त्या दिवसांत घराची कपाटं रिकामी करून पुन्हा लावत होती. पॅकीचं वाक्य तिला सुखाचं वाटायला हवं होतं, आणि नव्हतं वाटत. इतकी वर्षं तिने स्वतःला दोषी धरलं होतं. आता तो दोष काढून घेतला, तर जे उरलं ते अधिक वाईट होतं: बाबांना ती गायली काय आणि नाही गायली काय, फरक पडत नव्हता. तिला चीड यायची आणि कुणावर ते कळायचं नाही. एका सकाळी कामावरच्या एका म्हातारीला पांघरूण घालता घालता तिला एकदम रडू फुटलं. म्हातारी म्हणाली, "रड बाई, मी काय कुणाला सांगायला जात नाही, मला चालता येतंय कुठं."

त्या रविवारी तिने एथनाला पुन्हा नेलं. पॅकीने नुसतं सरकून जागा केली.

आता नोरीनचं लक्ष जरा इकडेतिकडे जाऊ लागलं, आणि तिला मॉर्टी लिलिस दिसला. पस्तिशीचा माणूस, बोटीवर कामाला. रविवारी दुपारी तो आपल्या लहान मुलीला घेऊन यायचा, रोशीनला. पोर पाच-सहा वर्षांची. आधी ती टेबलाखाली खेळायची, मग बापाच्या फोनवर चित्रं बघायची, मग अंधार पडला की बाकावरच कोटावर डोकं ठेवून झोपायची. मॉर्टी दंगा करत नसे, ओरडत नसे. हळूहळू पीत टीव्हीकडे बघत असे, एवढंच. नोरीनने दोन रविवार ते सहन केलं. तिसऱ्या रविवारी ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"हिला घरी घेऊन जा."

मॉर्टीने मान वर केली. "तुमचीही आहेच की इथं."

"माझी जागी आहे."

"माझी झोपलीय. कुणाला त्रास देतेय?"

"पोराला झोप आली की पोराची जागा घरात. पबच्या बाकावर नाही. हे तुला कुणीतरी सांगायलाच हवं."

तिचा आवाज चढला होता. जे बोलायचं ते तिने कितीतरी वर्षं साठवलं होतं, आणि आज समोर चुकीचा का होईना, एक बाप सापडला होता. सगळे ऐकत होते. मॉर्टीने ग्लास तसाच ठेवला, पोरीला खांद्यावर घेतलं, आणि गेला. नोरीनला आतून मोकळं वाटलं.

ते मोकळं वाटणं दोन रविवार टिकलं. मॉर्टी आला नाही. जोसी ग्लास पुसत म्हणाली, "तुझं म्हणणं खोटं नव्हतं. पण तो कुठे राहतो माहितीये का तुला? बायकोपासून वेगळा झाल्यापासून किनाऱ्यावरच्या कॅराव्हॅनमध्ये. चाकांवरची एवढीशी खोली. रविवार हा त्याचा पोरीला भेटायचा दिवस. इथं निदान शेगडी होती, चार माणसं होती. पोरीला मी सूप द्यायची."

"मग आता?"

"आता कॅराव्हॅनमध्ये. दुकानातून डबे नेतो बिअरचे."

नोरीनने आपल्या कामातल्या घरांत हे पाहिलं होतं. पबमध्ये कधी न दिसणारी माणसं, आणि बेसिनखाली रिकाम्या बाटल्यांची रांग. लोकांसमोर पिणाऱ्याला लोक थांबवू तरी शकतात. जोसीने मॉर्टीला चौथा कधी दिला नव्हता, हे तिनेच पाहिलं होतं. मोजत तर तीच होती.

आठवडाभर तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. येताजाता ती किनाऱ्याच्या रस्त्याने गाडी घेई, लांब पडलं तरी. रविवारी एथनाला पॅकीशेजारी बसवून तिने जोसीला सांगितलं, "पोलीस आला तर मी संडासात गेलेय म्हण." आणि ती निघाली.

कॅराव्हॅनचं दार मॉर्टीने उघडलं. आत गारवा होता. रोशीन पलंगावर पांघरूण घेऊन बसली होती, हातात फोन. ओट्यावर डबे होते, किती ते नोरीनने पाहिलं नाही, मुद्दाम पाहिलं नाही.

"इथूनही बाहेर काढायला आलात?" मॉर्टीने विचारलं.

"नाही." तिला वाटेत पाठ केलेलं काहीच आठवेना. "मी चुकले असंही म्हणायला आले नाही. पोरगी पेंगायला लागली की मी परत सांगेन, घरी ने म्हणून. पण इथं तिच्याकडे बघायला तू एकटा आहेस. तिथं आम्ही बरीच जणं आहोत."

"तिथं माझी अब्रू काढलीत तुम्ही."

"हो. काढली."

तो उंबऱ्यात तसाच उभा. मागून रोशीनने विचारलं, "पेटीवाली ताई आहे का आज?"

"आहे," नोरीन म्हणाली.

मॉर्टीने त्या दिवशी काहीच कबूल केलं नाही. दार लावून घेतलं. नोरीन परतली तेव्हा चाल संपत आली होती आणि पोलीस आलाच नव्हता. पुढच्या रविवारी मॉर्टी आला नाही. त्याच्या पुढच्या रविवारी आला, थेट शेगडीजवळच्या बाकावर पोरीला बसवलं आणि नोरीनकडे न बघता काउंटरला गेला. रोशीन एथनाच्या गुडघ्याला टेकून ऐकत बसली, तोंडात वेफर्स. सूप प्याली. मग तिचे डोळे मिटायला लागले.

नोरीनने खुंटीवरचा छोटा कोट काढला आणि मॉर्टीसमोर धरला. त्याने कोटाकडे पाहिलं, ग्लासाकडे पाहिलं. ग्लास अर्धा होता. तो त्याने एका दमात संपवला. सोडून दिला नाही. मग कोट घेतला.

"गाडीची चावी जोसीकडे ठेव," नोरीन म्हणाली. "मी सोडते दोघांना."

"दोनच झालेत माझे."

"म्हणून तर सोडते. तीन झाले असते तर फक्त तिला नेलं असतं."

कुणीतरी काउंटरवरून म्हणालं, "ऐक रे मॉर्टी, हवालदारीण आहे ती." आणि लोक हसले. मॉर्टीही थोडासा हसला, नाइलाजाने.

तेव्हापासून दर रविवारी नोरीनच्या गाडीत चौघं असतात. पुढे मॉर्टी, गप्प. मागे एथना, आपली चाल अर्धी राहिली म्हणून फुरंगटलेली, आणि तिच्या मांडीवर झोपलेली रोशीन. शाळेत पालकांची सभा भरली तेव्हा पबमध्ये मुलांना बंदी हवी असं पत्र द्यायचं ठरत होतं, आणि सगळ्यांनी नोरीनकडे पाहिलं, कारण तिचं मत सगळ्यांना माहीत होतं. ती उठली आणि म्हणाली की मला सांगता येत नाही. काही जणी नाराज झाल्या. पत्र गेलं की नाही, ते तिने नंतर विचारलं नाही.

फ्लॅन म्हणतो, इतकं सगळं करतेस, आता तरी जिवाला स्वस्थता आली का? नाही आली. मॉर्टी रविवारी दोनावर थांबतो, पण सोमवार ते शनिवार काय करतो ते तिला माहीत नाही. मधल्या एखाद्या दिवशी ती म्हातारीचं काम आटोपून घरी निघते, आणि फाट्यावर आली की गाडी आपोआप किनाऱ्याकडे वळते. कॅराव्हॅनची खिडकी दिसते. कधी आत दिवा असतो, कधी नसतो. ती गाडी जरा हळू करते, बघते, आणि पुढे जाते.